सुई टोचण्याआधी

चिनी वैद्यक नंदुरबार जिल्ह्यात आता कुठे येऊ लागले आहे, असे बोलले जाते. खरे म्हणजे ते येऊन बरीच वर्षे झाली. धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर कुणाला थंडी वाजून ताप भरतो, रक्ताच्या तपासणीत फाल्सिपेरम जातीचा हिवताप निघतो आणि आरोग्य कर्मचारी त्याच्या हातात वयानुसार ठरलेल्या रंगाचे गोळ्यांचे पाकीट ठेवतात. त्या पाकिटातले मुख्य औषध आर्टेसुनेट. 2010 पासून देशभरात फाल्सिपेरम हिवतापावर आर्टेसुनेटबरोबर दुसरे औषध जोडून देण्याचे धोरण आहे. हे औषध ज्या वनस्पतीपासून आले तिला चीनमध्ये छिंगहाव म्हणतात. चैत्रात आपण देवाला जो दवणा वाहतो, त्याच्याच गणातली ही वनस्पती.

तिची कहाणी सुरुवातीलाच सांगायला हवी, कारण या पुस्तिकेत पुढे जे काही येणार आहे ते कोणत्या नजरेने वाचावे हे त्या कहाणीतून कळते. 1967 च्या मे महिन्यात चीन सरकारने हिवतापावर नवे औषध शोधण्याची एक गुप्त मोहीम सुरू केली. व्हिएतनामच्या जंगलात लढणारे सैनिक हिवतापानेही मरत होते आणि क्लोरोक्विन निकामी होत चालले होते. बीजिंगच्या संशोधक तू यूयू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने चिनी वैद्यकग्रंथ चाळून शेकडो नुस्खे तपासले. छिंगहावचा अर्क कधी गुण देई, कधी देत नसे. चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याच्या ग्रंथात तू यूयूंना एक बारीक गोष्ट दिसली. त्याने ही वनस्पती उकळायला सांगितलीच नव्हती. पाण्यात भिजवून, पिळून, तो रस प्यायला सांगितला होता. उष्णतेने औषधाचा गुण जात असणार, असा तर्क त्यांनी केला आणि कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरून अर्क काढला. ऑक्टोबर 1971 मध्ये 191 क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांच्या रक्तातले हिवतापाचे जंतू पूर्णपणे नाहीसे केले. पुढच्या वर्षी रुग्णांना देण्याआधी तू यूयू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अर्क स्वतः घेऊन पाहिला. 2015 मध्ये तू यूयूंना नोबेल पारितोषिक मिळाले.

जुन्या ग्रंथाने दिशा दाखवली, पण औषध सिद्ध झाले ते तपासणीने. चाळलेल्या शेकडो नुस्ख्यांपैकी बहुतेक बाजूला पडले, एक तरला. चिनी वैद्यकाविषयी माझी भूमिका एवढीच आहे, आणि नंदुरबारच्या रुग्णानेही ती धरावी असे मला मनापासून वाटते. हे वैद्यक दोन हजार वर्षांचे आहे म्हणून खरे ठरत नाही, आणि परके आहे म्हणून खोटेही ठरत नाही. त्यातला कोणता भाग कोणत्या दुखण्यावर तपासून खरा उतरला आहे, हे विचारायचे.

आता सुयांकडे येऊ. ॲक्युपंक्चर आपल्याकडे आले त्यामागे एक मराठी नाव घेतले जाते, ते सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे. व्ही. शांताराम यांच्या 1946 च्या चित्रपटामुळे ते घरोघरी पोहोचले. 1938 मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला राष्ट्रीय काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. अलाहाबादचे डॉ. अटल हे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. मुखर्जी व डॉ. विजयकुमार बसू, आणि सत्तावीस वर्षांचे कोटणीस. बाकीचे यथावकाश परतले. कोटणीस तिथेच राहिले, बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक झाले, गुओ छिंगलान या परिचर्या-शिक्षिकेशी त्यांनी लग्न केले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, मुलगा काही महिन्यांचा असताना, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा मृत्यू झाला. पण कोटणीस शल्यचिकित्सक होते. त्यांचे चीनमधले काम जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करण्याचे होते, सुया टोचण्याचे नव्हे. ॲक्युपंक्चर शिकून भारतात आणले ते त्यांचे सोबती बसू यांनी. 1950 च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि कलकत्त्यात तिचा दवाखाना सुरू केला. मित्राच्या स्मृतीशी हे काम जोडले गेले आणि लुधियानासारख्या ठिकाणी कोटणिसांच्या नावाची ॲक्युपंक्चर रुग्णालये उभी राहिली. सोलापूरच्या मुलाचे नाव असे पंजाबातल्या सुयांच्या दवाखान्यावर लागले. त्यात मला खूप हृद्य काही वाटते, पण श्रेय ज्याचे त्याला दिले पाहिजे.

चीनमध्ये या विद्येचा इतिहास जाहिरातीत सांगतात तितका सरळ नाही. मावांगदुई येथे 1973 मध्ये उकरलेल्या, इसवी सनापूर्वी 168 मध्ये बंद केलेल्या थडग्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे मजकूर सापडले. त्यांत शरीरातल्या अकरा वाहिन्यांचे वर्णन आहे आणि त्यांवर शेक देण्याचे उपचार आहेत. सुयांचा मात्र उल्लेख नाही. सुया ठळकपणे येतात त्या नंतरच्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या संकलनात. म्हणजे ग्रंथांत आधी शेक आला, मग सुई. तिसऱ्या शतकात हुआंगफू मी याने बिंदूंची पद्धतशीर मांडणी केली. 1027 मध्ये सोंग दरबारासाठी वांग वेइयी याने काशाचे पुरुषाकृती पुतळे ओतवले. अंगभर बिंदूंची छिद्रे असलेल्या त्या पुतळ्यांवर विद्यार्थ्यांची परीक्षा होई. पुढे उतारही आला. 1822 मध्ये छिंग सम्राटाने राजवैद्यांच्या संस्थेतून ॲक्युपंक्चर हद्दपार केले, 1929 मध्ये तर चिनी वैद्यकच मोडीत काढण्याचा प्रस्ताव पुढे आला. आज जगभर जे ‘पारंपरिक चिनी वैद्यक’ म्हणून शिकवले जाते त्याची घडी 1950 च्या दशकात बसली. डॉक्टर कमी, लोक अफाट, अशा परिस्थितीत सरकारने निरनिराळ्या घराण्यांच्या विद्या एकत्र करून पाठ्यपुस्तके लिहवली आणि 1956 मध्ये चार महाविद्यालये काढली. आणि अमेरिकेत ॲक्युपंक्चरची लाट उसळली ती जेम्स रेस्टन या पत्रकारामुळे. जुलै 1971 मध्ये बीजिंगमध्ये त्यांचे अपेंडिक्स काढावे लागले. शस्त्रक्रिया नेहमीची भूल देऊनच झाली. नंतर पोट फुगून अस्वस्थ वाटू लागले तेव्हा सुया टोचल्या गेल्या. त्यांनी लिहिले तेही एवढेच. लोकांनी मात्र सुया टोचून, भूल न देता पोट फाडल्याची कथा करून टाकली, आणि ती अजून सांगितली जाते.

या वैद्यकाची स्वतःची भाषा आहे. शरीरात ‘ची’ नावाची चेतना वाहिन्यांतून फिरते. मुख्य वाहिन्या बारा, शिवाय पाठीच्या आणि पोटाच्या मध्यरेषेवरच्या दोन. त्यांवर 361 बिंदू. यिन आणि यांग यांचा तोल ढळला, वाहिनी तुंबली, की दुखणे येते. वैद्य दोन्ही मनगटांवर तीन-तीन ठिकाणी नाडी पाहतो, जीभ पाहतो, घाम, झोप, तहान, पाळी यांची चौकशी करतो. वात-पित्त-कफ, उष्ण-थंड ऐकत वाढलेल्या आपल्या माणसाला यात परके काही वाटत नाही. पपई उष्ण, ताक थंड, हे आपण जसे बोलतो तसेच तिथले लोक बोलतात. म्हणूनच इथे सांभाळायला हवे. शवविच्छेदनात वाहिन्या सापडलेल्या नाहीत आणि ‘ची’ मोजण्याचे यंत्र नाही. ‘तुमची यकृत-वाहिनी तुंबली आहे’ असे कुणी म्हणाले तर तुमच्या यकृताला रोग झाला आहे असा त्याचा अर्थ होत नाही; ती त्या शास्त्राची परिभाषा आहे. काविळीचे निदान त्यावरून करू नये आणि घाबरूही नये. जीभ पांढुरकी दिसली की चिनी वैद्य रक्ताची उणीव म्हणतो. आपल्या जिल्ह्यात ती जीभ खरोखरच हिमोग्लोबिन तपासायला सांगत असते. तिथे सुईच्या आधी रक्त तपासावे.

मग सुईने होते काय? बारीक सुई स्नायूत शिरली की तिथल्या मज्जातंतूंना चेतना मिळते, ती पाठीच्या कण्यातून मेंदूपर्यंत जाते, आणि शरीर स्वतःची वेदनाशामके सोडते. बीजिंगचे संशोधक हान जीशेंग यांनी यावर आयुष्यभर काम केले. अफूसारखी औषधे ज्या रसायनाने निष्प्रभ होतात ते रसायन दिल्यावर सुईचा परिणामही काही प्रयोगांत घटतो असे दिसले. हा धागा भक्कम आहे. पण तो वेदनेपुरता आहे.

आणि वेदनेतही किती? जर्मनीत कंबरदुखीच्या 1,162 रुग्णांवर झालेली, 2007 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी प्रत्येक नव्या रुग्णाला माहीत असावी. एका गटाला नेमक्या बिंदूंवर सुया टोचल्या. दुसऱ्याला भलत्याच जागी, वरवर टोचल्या. तिसऱ्याला गोळ्या, व्यायाम असे नेहमीचे उपचार दिले. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या 47.6 टक्के लोकांना चांगला गुण आला होता, दुसऱ्यातल्या 44.2 टक्क्यांना, आणि तिसऱ्यातल्या फक्त 27.4 टक्क्यांना. हे आकडे ॲक्युपंक्चरच्या भक्तालाही अडचणीचे आहेत आणि टीकाकारालाही. सुया टोचून घेणाऱ्यांना गोळ्यांपेक्षा कितीतरी जास्त आराम पडला; पण बिंदू बरोबर की चूक याने फारसा फरक पडला नाही. पुढे 39 चाचण्यांतल्या 20,827 रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा खोट्या सुयांपेक्षा खऱ्या सुया सरस निघाल्या, पण थोड्याच. सुयाच न टोचलेल्यांशी तुलना केली तर फरक बराच मोठा.

माझा निष्कर्ष असा. शांतपणे आडवे पडणे, कुणीतरी अर्धा तास आपले दुखणे ऐकून घेणे, हात लावून दुखरी जागा शोधणे, सुईची चेतना, आणि बरे वाटेल ही आशा, हे सारे मिळून गुण देते. हातगुण म्हणतो तो यात आहेच. जुन्या कंबरदुखीने, मानदुखीने, अर्धशिशीने बेजार झालेल्या माणसाला हा आराम लहान नाही, आणि पोट जाळणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांपासून त्याची थोडी सुटका होत असेल तर मला तो उपचार मोलाचा वाटतो. तज्ज्ञांत मात्र एकमत नाही. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या संस्थेने दीर्घकालीन वेदनेच्या एका प्रकारासाठी 2021 मध्ये ॲक्युपंक्चरचा विचार करावा असे म्हटले. त्याच संस्थेने कंबरदुखीसाठी 2016 मध्ये आणि गुडघ्याच्या झिजेसाठी 2022 मध्ये ते देऊ नये असे सांगितले. शस्त्रक्रियेनंतरची किंवा कर्करोगाच्या औषधांनी होणारी मळमळ मनगटाच्या आतल्या बिंदूने कमी होते, याला आधार चांगला आहे. मधुमेह, थायरॉईड, वंध्यत्व, मुतखडा, मुलांची मतिमंदता ‘मुळापासून’ घालवतो असे सांगणारी पाटी दिसली, तर त्या दारातून मागे फिरावे.

नंदुरबारसाठी हे सारे वेगळ्या वजनाने लिहावे लागते. इथल्या दुखण्यांच्या मागे काय काय दडलेले असते ते पुणे-मुंबईच्या दवाखान्यात डोक्यात येणार नाही.

सातपुड्याच्या पट्ट्यात हिवताप पिढ्यान्‌पिढ्या राहिला. फाल्सिपेरम हिवतापाच्या मुलखात जगभर जे घडले ते इथेही घडले: रक्तपेशींतला एक बदल, जो एका पालकाकडून आला तर हिवतापाने मरण्यापासून वाचवतो, तो लोकांत टिकून राहिला. तोच बदल दोन्ही पालकांकडून आला की सिकलसेल आजार होतो. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा अशा समाजांत तो आहे. ताण, थंडी, ताप, पाणी कमी पडणे, असे काही झाले की रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडे-सांधे असह्य ठणकतात. हा ठणका घेऊन माणूस कुठे जातो? आधी भगताकडे किंवा बडव्याकडे, मग ‘संधिवात’ म्हणून कुणाकडेही. आता सुईवाल्याकडे येईल. सुईने त्याला तासभर बरे वाटेलही, आणि तोच मोठा धोका आहे. सिकलसेलच्या रुग्णाला ताप, छातीत दुखणे, धाप, अचानक पोट फुगणे किंवा हातपाय लुळे पडणे यांपैकी काहीही झाले तर ती तातडीची वेळ असते. त्याला थेट रुग्णालयात न्यावे लागते. हायड्रॉक्सीयुरिया या गोळीने अशा झटक्यांची संख्या कमी होते, आणि ती कोणत्याही सुईसाठी बंद करायची नसते. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचे ठरले. तुमची तपासणी झाली नसेल, अंगदुखी वारंवार उठत असेल, तर ॲक्युपंक्चरच्या पहिल्या बैठकीआधी ती करून घ्यावी. उपचारकाने ती विचारली नाही तर तुम्ही सांगावी.

पाठदुखीचेही तसेच. ऊसतोड, मोळ्या वाहणे, मिरचीच्या पथारीवर दिवसभर वाकून बसणे, डोंगरातून पाण्याचे हंडे आणणे यांनी पाठ दुखणारच, आणि अशी पाठ सुयांनी, शेकाने, व्यायामाने सैल होते. पण पाठ रात्रीही दुखते, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरते, असे असेल तर कण्याचा क्षयरोग असू शकतो. हातापायांना मुंग्या येतात, कातडीवर न खाजणारा बधिर चट्टा आहे, चटका लागला तरी कळत नाही, असे असेल तर कुष्ठरोगाची तपासणी हवी. दोन्हींची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि दोन्ही वेळेवर सापडले तर बरे होतात. लकवा मारलेल्या माणसाला झोळीत घालून सुयांकडे आणणारेही आहेत. पहिल्या साडेचार तासांत रुग्णालय गाठले तर मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन देता येते. ते तास इतर कशातही घालवू नयेत. नंतर, फिजिओथेरपी चालू ठेवून, कुणी सुया घेत असेल तर घ्याव्यात, पण हात उठेलच असे वचन कुणी देऊ नये.

शेकाविषयी दोन शब्द. चिनी वैद्यकात मॉक्सा म्हणून एक उपचार आहे. दवण्याच्याच गणातल्या दुसऱ्या एका वनस्पतीची पाने वाळवून, कुटून, त्यांची लोकरीसारखी वात करतात, ती पेटवून कातडीपासून बोटभर अंतरावर धरतात. उबदार वाटते, कातडी गुलाबी होते, बस. आपल्याकडे तापलेल्या विळ्याने किंवा सळईने पोटावर, छातीवर डाग देण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. पोट फुगलेल्या, धाप लागलेल्या तान्ह्या मुलांच्या अंगावर ते व्रण मी पाहिले आहेत, आणि त्या मुलांना न्यूमोनिया होता. मॉक्साच्या नावाखाली कुणी कातडी भाजू लागले, फोड आणू लागले, तर तो उपचार तिथेच थांबवायचा. लहान मुलांवर तर आगीचा प्रयोग नकोच. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या कपांनी कातडी ओढून घेण्याचा जो प्रकार आहे तो आपल्या तुंबडीचा भाऊ. गावोगाव फिरणारे वैदू शिंगाची तुंबडी लावत असत. त्याने कातडीखाली रक्त साकळून गोल डाग पडतात, ते आठवड्याभरात जातात. ज्यात कातडी चिरून रक्त काढतात तो प्रकार रक्त आधीच कमी असलेल्या माणसाने करून घेऊ नये, आणि नंदुरबारात अशी माणसे, विशेषतः बाया, फार आहेत.

आता पहिली भेट. गावात ‘सुई दिली’ म्हणजे इंजेक्शन दिले असे समजतात, म्हणून हे आधीच कळलेले बरे: या सुईत औषध नसते. ती पोकळही नसते. साधारण पाव मिलिमीटर जाडीची ही भरीव सुई इंजेक्शनच्या सुईच्या निम्म्याहूनही बारीक असते. टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटते. नंतर त्या जागी जडपणा, ठणका किंवा ओढ जाणवते. चिनी वैद्य त्या जाणिवेची वाटच पाहत असतात. विजेचा झटका बसल्यासारखे किंवा तीक्ष्ण कळ आल्यासारखे वाटले तर लगेच सांगावे, सुई काढून घेतली जाते. वीस ते तीस मिनिटे पडून राहायचे. उपाशीपोटी जाऊ नये, चक्कर येते. पहिल्या वेळी बसून नव्हे, आडवे होऊन टोचून घ्यावे.

एका गोष्टीत मात्र भीड नको. सुया एकदाच वापरायच्या, निर्जंतुक, बंद पाकिटातल्या असल्या पाहिजेत आणि ते पाकीट तुमच्यासमोर फुटले पाहिजे. उकळलेल्या, स्पिरिटने पुसलेल्या सुया चालत नाहीत. परत वापरलेल्या सुयांमुळे कावीळ ब पसरल्याच्या नोंदी जगात आहेत. काम झाल्यावर सुया मोजून काढल्या जातात ना, आणि त्या जाड पेटीत टाकल्या जातात ना, तेही पाहावे. छातीवर, खांद्यावर, बरगड्यांवर सुई फार खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकते. असे क्वचित होते, पण होते. तिथे शिकलेलाच हात हवा. सुया घेतल्यानंतर काही तासांत छातीत दुखून धाप लागली तर रुग्णालयात जावे. गरोदरपण, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, हृदयात बसवलेला पेसमेकर, मिरगी, यांपैकी काही असेल तर विचारायची वाट न पाहता सांगावे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला हेगू बिंदू डोकेदुखीवर नेहमी वापरतात, पण गरोदर बाईला तो टाळण्याची चिनी वैद्यकातलीच जुनी शिस्त आहे. पेसमेकर असेल तर सुयांना वीज जोडून घ्यायची नाही.

दुखणे कसे सांगावे यालाही महत्त्व आहे. अहिराणीत, पावरीत, भिलीत, ज्या बोलीत तुम्हाला दुखते तिच्यातच सांगा, हवे तर समजावणारे माणूस सोबत न्या. ठणका आहे की चमक, आग होते की मुंग्या, कळ एका जागी उठते की पायात उतरते, सकाळी जास्त की रात्री, पाण्यात काम केल्यावर वाढते का, याने सुईची जागाही ठरते आणि रोगाचा संशयही. घरच्या जडीबुटी, भगताचे औषध, दुकानातून घेतलेल्या गोळ्या, काहीच लपवू नका.

जडीबुटीवरून चिनी औषधांकडे येतो. सुई आणि औषध या एकाच वैद्यकाच्या दोन शाखा असल्या तरी रुग्णासाठी त्यांचा धोका सारखा नाही. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्या घेतलेल्या शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. एका चिनी वनस्पतीच्या जागी तिच्यासारख्याच नावाची दुसरी गोळीत गेली होती, आणि तिच्यातल्या अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंडे जाळली. अनेकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. हे आम्ल आपल्या सापसंदातही असते, ज्याचे मूळ साप-विंचवावर उगाळून देतात. ‘झाडपाल्याचे आहे, अपाय नाही’ हे वाक्य म्हणून कुणाच्याही तोंडून स्वीकारू नये. ज्यावर घटक लिहिलेले नाहीत, चिनी अक्षरांखेरीज काही वाचता येत नाही, अशी गोळी किंवा पूड घेऊ नका, मग ती कितीही महाग असो. या पुस्तिकेत चिनी औषधांची माहिती दिली आहे ती ओळख म्हणून. त्यांतले एकही औषध इथल्या रुग्णाने मागवून घ्यावे असे मला वाटत नाही. सर्पदंशाला तर सापसंद, सुई, मंत्र यांपैकी काहीही चालत नाही. प्रतिसर्पविष जिथे आहे ते रुग्णालय गाठायचे.

कायद्याचे थोडक्यात. पश्चिम बंगालने 1996 मध्ये ॲक्युपंक्चरचा कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा 2015 चा. त्यानुसार राज्यात ॲक्युपंक्चरची परिषद आहे आणि उपचारकाची तिच्याकडे नोंदणी लागते. 2019 मध्ये केंद्रानेही ही स्वतंत्र उपचारपद्धती मानली. नोंदणी क्रमांक विचारणे हा उर्मटपणा नाही, आणि ज्याच्याकडे तो आहे तो आनंदाने दाखवतो. चार दिवसांच्या शिबिरात शिकून आलेल्या माणसाने तुमच्या मानेत सुई घालू नये.

राहिला प्रश्न किती वेळा जायचे याचा. चाचण्यांत साधारण दहा बैठका देतात, आठवड्याला एक किंवा दोन. मोलगीहून किंवा तोरणमाळहून शहाद्याला, नंदुरबारला दहा वेळा येणे म्हणजे दहा दिवसांची मजुरी आणि वर एसटीचे भाडे. म्हणून मी म्हणतो, पहिल्याच दिवशी दुखणे शून्य ते दहात किती हे ठरवून लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर भिंतीवर रेघा ओढा. त्याबरोबर एक काम निवडा: हंडा उचलता येतो का, मांडी घालून बसता येते का. चार ते सहा बैठकांनंतर दुखणे निदान तिसऱ्या हिश्श्याने उतरले नाही आणि ते कामही जमत नाही, तर थांबा. चांगला उपचारक स्वतःच थांबवतो आणि पुढे कुठे जायचे ते सांगतो. ‘आणखी वीस घ्या, मग गुण येईल’ म्हणणाऱ्याचे ऐकू नका, आगाऊ पैसे भरून बैठकांचे पॅकेजही घेऊ नका. दिवाळीनंतर तुमची टोळी गुजरातेत ऊसतोडीला निघणार असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगा. बैठका त्याआधी उरकता येतात, घरी करायचे पाठीचे व्यायाम शिकून घेता येतात, आणि घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर हंगामभर पुरतील एवढ्या त्याच्या गोळ्या निघण्यापूर्वीच रुग्णालयातून घेऊन ठेवता येतात.